दुसरी नोकरी हातात नसताना राजीनामा द्यायचाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं काम भरतीचं, दिवसभर सीव्ही वाचायचे आणि लोकांशी बोलायचं. त्यामुळे नोकरी सोडून आलेले, सोडायच्या बेतात असलेले आणि सोडायला हवी होती पण सोडलीच नाही असे तिन्ही प्रकारचे लोक सारखे भेटतात. प्रश्न बहुतेक तेच असतात म्हणून एका ठिकाणी लिहून ठेवतेय. माझं मत आधीच सांगते. निर्णय घ्यायचा तो हे बघून घ्यायचा की आधी काय संपणार, तुमचे पैसे की तुमची ताकद. पैसे मोजता येतात, ताकद मोजायची आपल्याला सवयच नसते, आणि सगळी गडबड तिथेच होते.

सगळे म्हणतात हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस. खरंच एवढं चूक आहे का?

काळजीपोटी म्हणतात, आणि दरवेळी ते चुकीचंही नसतं. ज्याच्याकडे जेमतेम महिन्याभराचे पैसे आहेत आणि तब्येत बरी आहे त्याला मी पण हेच सांगेन की थोडं थांब, आधी तयारी कर. पण या सल्ल्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते की थांबून तुमचं काही जात नाहीये, पगार तर येतोय. जात असतं. महिनोन्महिने नीट झोप नसलेला माणूस इंटरव्ह्यूला बसला की लगेच कळतं, उत्तरं येत असतात पण आवाजात जीव नसतो, आताच्या ऑफिसचा विषय निघाला की चेहरा उतरतो, आणि मग नकार आला की त्याला वाटतं आपल्यातच काही दम नाही. मी असे हुशार लोक बघितलेत जे वर्षभर आधी निघाले असते तर सहज दुसरीकडे लागले असते.

ताण तर सगळ्यांनाच असतो. माझा ताण सोडण्याइतका आहे हे कसं ओळखू?

काम जास्त आहे म्हणून दमणं आणि आतून रिकामं होणं यात फरक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची जी व्याख्या केली त्यात तीन गोष्टी आहेत: ताकदच उरलेली नाही असं वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा कामाबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटायला लागणं. पहिली एकटी असेल तर बऱ्याचदा सुट्टीने फरक पडतो. तिन्ही एकदम असतील तर सुट्टी पुरत नाही.

एक साधी परीक्षा सांगते. आठवडाभर सुट्टी घ्या, फोनवरचं ऑफिसचं सगळं बंद ठेवा, आणि परत जाताना काय होतं ते बघा. सुट्टीचा फायदा थोडा फार सगळ्यांचाच ओसरतो, दोन-चार आठवड्यांत माणूस पूर्वीसारखा दमतो असं संशोधनातही दिसलंय. पण तुमचा फायदा जर पहिल्या दिवशी दुपारपर्यंतच संपला, किंवा सुट्टीच्या शेवटच्या दोन दिवसांत पोटात गोळा यायला लागला, तर दुखणं थकव्याचं नाही, त्या जागेचं आहे. अजून एक बघा, फोन टेबलावर नुसता थरथरला तरी छातीत धस्स होतं का, मग तो मेसेज घरच्या कुणाचा का असेना. शरीर आपल्या आधी हिशोब करत असतं.

तासही मोजा, अंदाजाने नको, खरे दोन आठवडे लिहून काढा. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मिळून २०२१ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त दिसला. म्हणजे "सवय झालीय हो" हे आपण म्हणतो, हृदयाला तशी सवय होत नाही.

बर्नआउट म्हणजे आजार का? डॉक्टरकडे जायची गरज आहे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत बर्नआउट आहे पण आजार म्हणून नाही, कामाशी संबंधित अवस्था म्हणून. तरीही डॉक्टरकडे जा असंच मी म्हणेन, कारण डिप्रेशन आणि अँग्झायटी हे मात्र आजार आहेत, बाहेरून ते असेच दिसतात आणि त्यांच्यावर उपचार आहेत. थायरॉइड, रक्त कमी असणं यानेही माणूस असाच गळून जातो. शिवाय डॉक्टरांनी लिहून दिलं तर मेडिकल लीव्हचा रस्ता मोकळा होतो, आणि राजीनाम्याच्या आधी पगारी रजेत डोकं थोडं शांत झालं तर निर्णय चांगला होतो.

जीव नकोसा झालाय, संपवून टाकावं असे विचार येत असतील तर हे पान इथेच ठेवा, पैसे वगैरे सगळं नंतर. आत्ता जवळच्या एखाद्या माणसाला फोन करा आणि स्पष्ट शब्दांत सांगा, हेल्पलाइनला किंवा हॉस्पिटलला संपर्क करा, एकटे राहू नका. नोकरीचं काय ते नंतर ठरवता येईल.

किती पैसे साठले की सोडायचं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि बहुतेक जण पगाराच्या पटीत विचार करतात, "सहा महिन्यांचा पगार साठला की सोडेन" वगैरे. पगार नाही, खर्च धरायचा. मागच्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट उघडा आणि प्रत्येक ओळीसमोर तीनपैकी एक खूण करा: हे टळूच शकत नाही (भाडं, हप्ते, किराणा, औषधं, फी), हे कमी होऊ शकतं, आणि हे उद्या बंद केलं तरी चालेल. कंटाळवाणं काम आहे पण एका संध्याकाळी होतं, आणि हे केल्यावर लोकांचा चेहराच बदलतो, कारण तिसऱ्या खुणेच्या ओळी बऱ्याच निघतात, जास्त करून दमल्यामुळे झालेला खर्च असतो, स्वयंपाक करायला त्राण नाही म्हणून बाहेरून मागवलेलं, चालायला वेळ नाही म्हणून केलेली टॅक्सी, मन रमवायला रात्री एक वाजता केलेली ऑनलाइन खरेदी. नोकरी सुटली की यातलं बरंचसं आपोआप थांबतं.

आता न टळणारा खर्च आणि कमी केलेला खर्च मिळून महिन्याचा एक आकडा काढा, वर्षातून एकदाच येणारे खर्च (विम्याचा प्रीमियम, टॅक्स, गाडीचं काम) बाराने भागून त्यात मिळवा, हे लोक हमखास विसरतात. मग हातात असलेली रोख शिल्लक त्या आकड्याने भागा. जे उत्तर येईल तेवढे महिने तुमच्याकडे आहेत. शेअर्समधले पैसे यात पूर्ण धरू नका, कारण बाजार पडलेला असताना विकायची वेळ येऊ शकते. निवृत्तीसाठी साठवलेल्याला तर हातच लावायचा नाही.

किती महिने पुरेत? माझं मत, एकटी कमावती व्यक्ती आणि वर अवलंबून असणारे लोक असतील तर नऊ ते बारा, घरात दुसरा पगार असेल तर सहा, अगदी तरुण आणि जबाबदारी नसलेल्याला चारही चालतील. नोकरी शोधायला आपण मनात धरतो त्यापेक्षा जास्तच वेळ लागतो, एकेका कंपनीच्या चार-चार राउंडमध्येच दीड-दोन महिने सहज जातात आणि त्यानंतर ऑफर येऊन जॉइन होईपर्यंत आणखी काही आठवडे. आणि एक तारीख आधीच ठरवून ठेवा, म्हणजे अमुक तारखेला इतकेच पैसे उरलेले असतील, तिथून पुढे मिळेल ते काम घ्यायचं, कंत्राटी असो की कमी पगाराचं असो. ही रेघ शांत डोक्याने आधीच आखलेली असली की रात्री झोप लागते.

माझ्यावर कर्ज आहे. मग विषयच संपला ना?

संपला नाही, पण लांबला. क्रेडिट कार्डचं देणं असेल तर ते आधी फेडा, त्याचं व्याज सगळ्यात जास्त असतं आणि पगार बंद झाल्यावर ते मानगुटीवर बसतं. घरासारख्या मोठ्या कर्जाचे हप्ते वरच्या हिशोबात "टळूच शकत नाही" मध्ये धरा. नवीन कर्ज किंवा कार्ड लागणार असेल तर पगार चालू असतानाच त्याचा विचार करावा लागतो, कारण नोकरी नसलेल्याला बँक सहसा उभं करत नाही. हप्ता चुकणार असं दिसलं तर चुकायच्या आधी बँकेशी बोला, चुकल्यावर बोलण्यात तुमची बाजू लंगडी असते.

विम्याचं काय?

कंपनीचा आरोग्य विमा शेवटच्या दिवसानंतर बहुतेक ठिकाणी संपतो किंवा थोडेच दिवस चालतो. स्वतःचा वेगळा विमा राजीनाम्याच्या आधी घ्या, त्यात जुन्या आजारांना वेटिंग पिरियड (म्हणजे काही काळ त्यांचा खर्च न मिळणं) असू शकतो तो वाचून बघा. दातांचं, डोळ्यांचं, तपासण्यांचं जे काही कंपनीच्या विम्यात बसतं ते नोटीसच्या काळातच उरकून घ्या.

बेरोजगार भत्ता मिळेल असं धरून चालू नका. बऱ्याच देशांत स्वतःहून सोडणाऱ्याला तो मिळत नाही किंवा उशिरा मिळतो, काही ठिकाणी छळ किंवा तब्येतीचं कारण कागदावर सिद्ध केलं तर सूट असते. तसं काही असेल तर मेल्स, मेसेजेस, तारखा, डॉक्टरांचे कागद आधीपासून जपून ठेवा.

सोडण्याआधी तिथेच काही सुधारेल का ते बघावं का?

हो, एकदा मनापासून बघा. कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेलं एक मॉडेल मला फार उपयोगी वाटतं, त्यांचं म्हणणं असं की नुसत्या जास्त कामाने माणूस तेवढा पिचत नाही जेवढा कामाचा बोजा जास्त आणि आपल्या हातात काहीच नाही या जोडीने पिचतो. म्हणून मागायचं तर नेमकं मागा. "खूप ताण होतोय" असं म्हटलं की मॅनेजर पण मान डोलावतो आणि तिथेच विषय संपतो. त्यापेक्षा "या दोन प्रोजेक्टपैकी एक दुसऱ्याला द्या, संध्याकाळी सातनंतरचे कॉल बंद करा, आणि पुढच्या तीन महिन्यांच्या डेडलाइन ठरवताना मला विचारा" असं सांगा, मेलवर पण लिहा. टीम बदलून मिळेल का, काही महिने अर्धवेळ करता येईल का, बिनपगारी रजा मिळेल का, हे तिन्ही विचारून बघण्यासारखं आहे. सहा आठवड्यांत काहीच हललं नाही तर तुम्हाला उत्तर मिळालं.

छळ होत असेल, कुणी ओरडत असेल, खोट्या कागदांवर सह्या करायला लावत असेल तर हे सगळं करत बसू नका, निघा.

नोकरी करता करताच दुसरी शोधणं सगळ्यात चांगलं नाही का?

जमत असेल तर नक्कीच, यात वाद नाही. पगाराची बोलणी करताना तुमची बाजू वरचढ असते आणि घाई नसते. अमेरिकेत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हजारो बनावट सीव्ही खऱ्या जाहिरातींना पाठवले होते, त्यात बेकारीचा काळ जसा वाढत गेला तसे कंपन्यांचे फोन कमी येत गेले, आणि ही घट मुख्यतः पहिल्या आठ महिन्यांत झाली. नंतरच्या अशाच एका अभ्यासात मात्र असा संबंध दिसला नाही. तेव्हा यातून घ्यायचं ते एवढंच की गॅप पडला म्हणून दार बंद होत नाही, पण वेळेला काहीच किंमत नाही असंही नाही.

पण "जमत असेल तर" हे महत्त्वाचं. स्वतःला विचारा की मागच्या दोन महिन्यांत मी किती अर्ज केले. दररोज रात्री लॅपटॉप उघडून जॉब साइटवर नुसतं स्क्रोल करून झोपत असाल, सीव्ही अपडेट करायचाच राहिलाय आणि हे सहा महिने चाललंय, तर नोकरी करता करता शोधणं तुमच्या बाबतीत प्रत्यक्षात होतच नाहीये. मधला मार्ग पण आहे, साठलेली रजा सलग दोन आठवडे घ्या आणि ती फक्त शोधण्यासाठी वापरा.

घरच्यांना कसं सांगू?

आकड्यांसकट. "मला नाही होत आता" हे खरं असतं पण ऐकणाऱ्याला त्यातून फक्त भीती मिळते. आईवडिलांनी आयुष्यभर एकाच ठिकाणी काम केलेलं असेल तर त्यांना तुमचा त्रास कळत नाही असं नाही, त्यांना पुढचं दिसत नाही म्हणून ते घाबरतात. वरचा हिशोब कागदावर त्यांच्यासमोर ठेवा, इतके महिने पुरतील, अमुक तारखेपर्यंत नाही मिळालं तर मी हे करेन. नवरा-बायकोमध्ये तर हे राजीनाम्याच्या आधीच बोलायला हवं, दुसऱ्यावर पगाराचं सगळं ओझं पडणार आहे, त्याला किंवा तिला नाही म्हणायचा हक्क आहे. नातेवाइकांना मात्र लगेच सांगायलाच पाहिजे असं काही नाही. "ब्रेक घेतलाय" पुरे.

राजीनाम्यात काय लिहू? मनातलं सगळं लिहून टाकावंसं वाटतंय.

मनातलं वहीत लिहा. राजीनामा चार ओळींचा: "मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे. नोटीस पिरियडनुसार माझा शेवटचा दिवस अमुक तारीख असेल. कामाचं हस्तांतर नीट पूर्ण करेन. इथे मिळालेल्या संधीबद्दल आभार." बस. मेल पाठवायच्या आधी मॅनेजरला समोर किंवा फोनवर सांगा. कारण विचारतील, "तब्येतीकडे लक्ष द्यायचंय, थोडा ब्रेक घेतेय" एवढं पुरतं, त्यापुढे खुलासा द्यायला तुम्ही बांधील नाही. एक्झिट इंटरव्ह्यूमध्ये खरं बोलायचं असेल तर व्यक्तीबद्दल न बोलता घटनांबद्दल बोला, कारण पुढे रेफरन्स चेकसाठी फोन याच लोकांना जातो.

राजीनाम्याच्या आधी ऑफर लेटर किंवा करार पूर्ण वाचा, नोटीस किती, बोनस परत द्यावा लागतो का, ट्रेनिंगचा बाँड आहे का, शिल्लक रजेचे पैसे मिळतात का. बोनस पुढच्या महिन्यात खात्यात येणार असेल आणि तब्येत साथ देत असेल तर तेवढं थांबण्यात शहाणपण आहे.

नोटीसच्या काळात काय सांभाळायचं?

पगाराच्या स्लिपा, टॅक्सचे कागद, अप्रेझल लेटर्स, स्वतःची कागदपत्रं हे सगळं ऑफिसचा मेल बंद व्हायच्या आत स्वतःकडे घ्या, कंपनीचा डेटा मात्र घेऊ नका. रिलीव्हिंग लेटर, अनुभवाचं पत्र आणि फायनल सेटलमेंट कधी मिळणार हे लेखी विचारा. ज्यांच्याशी चांगलं जमलं त्या दोन-तीन जणांचे वैयक्तिक नंबर घ्या, पुढची नोकरी बऱ्याचदा अशाच एखाद्या ओळखीतून येते.

काही जण नोटीस दिल्याबरोबर इतके हलके होतात की वाटायला लागतं आता इथे राहवेलही. त्याच वेळी पगार वाढवून देतो, थांब, असंही सांगितलं जातं. पैसा वाढला म्हणून सातनंतरचे कॉल थांबत नाहीत. ज्या कारणासाठी निघालात ते कारण लेखी बदलत असेल तरच विचार करा.

सोडल्यावर पहिल्या दिवसापासून अर्ज करायला लागू का?

नको. पहिले दोन-तीन आठवडे झोपा, चाला, राहिलेल्या तपासण्या करा. सुरुवातीला आणखीच दमल्यासारखं वाटतं, कधी कधी माणूस आजारीच पडतो, रडू येतं, हे बऱ्याच जणांना होतं, घाबरू नका.

त्यानंतर मात्र दिवसाला आकार द्या. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळच्या मारिएंटाल नावाच्या गावात गिरणी बंद पडून जवळजवळ सगळं गाव बेकार झालं, तिथे मानसशास्त्रज्ञ मारी याहोडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांचं निरीक्षण केलं. हातात वेळच वेळ असूनही लोकांचं वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी झालं, रस्त्याने चालण्याचा वेगसुद्धा मंदावला. याहोडांनी पुढे मांडलं की नोकरी पगाराशिवाय आणखी पाच गोष्टी देते: वेळेचं वेळापत्रक, घराबाहेरची माणसं, एकत्र मिळून काही करण्याची भावना, ओळख आणि हातांना काम. त्या लोकांवर बेकारी लादली गेली होती, तुम्ही ठरवून निघालात, तरी त्या पाच गोष्टी तुमच्याही जाणार आहेत आणि त्या दुसरीकडून आणाव्या लागतात. उठायची वेळ ठरलेली, सकाळचे दोन-तीन तास अर्ज आणि अभ्यास, आठवड्यातून दोनदा तरी कुणाला तरी प्रत्यक्ष भेटणं, एखादा कोर्स किंवा स्वयंसेवेचं काम. दिवसभर शोधत बसू नका, त्याने अर्ज वाढतात पण अर्जाचा दर्जा घसरतो.

इंटरव्ह्यूमध्ये गॅपबद्दल विचारलं तर?

विचारणारच, आणि त्या खुर्चीवर बसून मी काय बघते ते सांगते. मला गॅपचं कारण फार महत्त्वाचं नसतं, मी बघते की माणूस त्याबद्दल बोलताना लपवतोय का, आणि जुन्या जागेवर अजून चिडलेला आहे का. दोन-तीन वाक्यांचं उत्तर तयार ठेवा आणि आरशासमोर म्हणून बघा: "आधीच्या जागी चार वर्षं काम केलं, शेवटच्या वर्षात कामाचा भार असा वाढला की मला थांबून पुढे काय करायचंय ते नीट ठरवायचं होतं. तेवढी बचत होती म्हणून ब्रेक घेतला, त्यात अमुक शिकले, आता पूर्ण तयारीने शोधतेय आणि तुमच्याकडचं हे काम त्यासाठी आवडलं." आणि थांबा. शांतता पसरली तरी अजून खुलासे देत सुटू नका, बहुतेक जण तिथेच घसरतात. सीव्हीवर तारखा ओढूनताणून जोडू नका, व्हेरिफिकेशनमध्ये सापडलं तर आलेली ऑफर जाते. लिंक्डइनवर २०२२ पासून करिअर ब्रेक अशी वेगळी नोंद करता येते, ती बिनधास्त वापरा.

पुढची नोकरी पण तशीच निघाली तर? आगीतून फुफाट्यात?

ही भीती रास्त आहे, आणि घाईत पहिली ऑफर घेणाऱ्यांचं असं होतं. आधी हे शोधा की नेमकं काय मोडलं होतं. मानसशास्त्रज्ञ ख्रिस्टिना मॅसलॅक आणि मायकल लायटर यांनी बर्नआउटच्या मुळाशी सहा जागा सांगितल्यात: कामाचा भार, हातातलं नियंत्रण, मोबदला आणि कौतुक, बरोबरची माणसं, न्याय्य वागणूक, आणि मूल्यं जुळणं. तुमच्या जुन्या जागी यातल्या कुठल्या दोन सगळ्यात वाईट होत्या ते ठरवा आणि पुढच्या इंटरव्ह्यूत त्याबद्दलच प्रश्न विचारा. "वर्क लाइफ बॅलन्स कसा आहे" असं विचारलं तर "छान आहे" एवढंच मिळतं. त्याऐवजी विचारा की या जागेवर आधी कोण होतं आणि ते का गेले, मागच्या वेळी डेडलाइन चुकली तेव्हा काय झालं, टीममधल्या कुणी गेल्या महिन्यात शनिवार-रविवारी काम केलं का. उत्तर द्यायला किती वेळ लागतो तेही बघा. आणि शक्य असेल तर त्याच टीममध्ये पूर्वी असलेल्या एखाद्याशी पंधरा मिनिटं फोनवर बोला.

चार-पाच महिने झाले, काहीच होत नाहीये. चुकलं का माझं?

आधी अडकलंय कुठे ते बघा. अर्ज करून फोनच येत नसेल तर सीव्ही किंवा निवडलेल्या जागा बदलायला हव्यात. फोन येतात पण पहिल्या राउंडला थांबतं तर बोलण्याचा सराव कमी पडतोय. शेवटपर्यंत जाऊन हुकत असेल तर तुम्ही जवळ आहात, जे करताय तेच चालू ठेवा, फक्त एकाच ऑफरच्या आशेवर बाकीचे अर्ज थांबवू नका. या काळात छोटं फ्रीलान्स किंवा कंत्राटी काम मिळालं तर घ्या, पैसे पण येतात आणि हात चालू राहतात. आणि सोडताना जी तारीख ठरवली होती ती जवळ आली असेल तर ठरल्याप्रमाणे करा, तेव्हा ती तुम्हीच शांत डोक्याने लिहिली होती, मिळालेलं काम तात्पुरतं आहे असं समजून तिथून शोध चालू ठेवता येतो.